वेढे

जेल गोठू नये म्हणून बाटली काखेत धरली आहे मी.
खुव्सगुलात आज उणे एकतीस.
दवाखान्यामागे जनरेटर खोकतो,
पडदा विझतो, विचार करतो, पुन्हा उजळतो.

लुव्सनशरव आजोबा डेल सोडतात.
निळ्या रेशमी पट्ट्याचा दीडच वेढा बसतो आता.
"मागच्या हिवाळ्यात तीन बसायचे,"
सून म्हणते, कुणी रेशीम चोरल्यासारखं.

पोट टम्म. बेंबी बाहेर आलेली.
दंड चाबकाच्या मुठीएवढे.
उताणं झोपून किती महिने झाले, विचारलं
तर ते म्हणाले, घोडी व्याली तेव्हापासून.

प्रोब टेकवते.
काळं.
पुस्तकात याला नाव आहे,
मला मात्र ती दर वेळी रात्रच वाटते,
आणि तिच्यात आतड्यांचे वेढे डुलत असतात
पाणगवतासारखे,
श्वासागणिक जवळ येतात, लांब जातात.
वर कडेला यकृत, आक्रसलेलं,
काठ कुरतडल्यासारखा.

डॉक्टर चोइम्बोल पोट बोटांनी वाजवायचे.
"आवाज बसतो तिथे सुई," एवढंच शिकवायचे.
चाळीस वर्षं त्यांचे कान चुकले नाहीत.
एकदा चुकले.
ते त्यांनी मला निवृत्तीच्या दिवशी सांगितलं,
वाटीतला चहा पार निवेपर्यंत,
आणि त्यानंतर या यंत्रासाठी
जिल्ह्याच्या गावी तीनदा जाऊन भांडून आले.

"मला दाखव," आजोबा म्हणतात.
पडदा त्यांच्याकडे वळवते.
घोडा घालण्याआधी तळ्याकडे बघावं
तसे ते बघतात, घाई न करता.
"इथे जाड आहे. इथे पाण्याला ओढ आहे.
भोक इथे पाड."

जवळजवळ बरोबर.
मी रंगांचं बटण दाबते:
त्यांच्या बोटाखाली लाल, निळं, लाल लुकलुकतं.
"तिथे नको. तिथे खालून झरा वाहतो."
दोन बोटं बाहेर सरकते, कमरेच्या हाडाकडे.
ते हुंकार देतात,
बर्फावर एक म्हातारा दुसऱ्याला देतो तसा.
मी बत्तीस वर्षांची.

कातडी जरा खाली ओढून धरायची,
म्हणजे सोडल्यावर वाट वाकडी होऊन आपली आपण मिटते.
बधिर करायची सुई. थांबणं. दुसरी सुई.
पडद्यावर एक पांढरा ठिपका
रात्रीत शिरताना दिसतो,
आणि त्याआधी क्षणभर हातालाच कळलेलं असतं
की पलीकडे कुणी अडवत नाही.

नळीतून गवती पिवळं पाणी.
ओयुनदेल्गेर मोजते: एक लिटर. दोन.
बोलणं शेळ्यांचं, पेट्रोलच्या भावाचं,
धाकटा उलानबातरला काय करतो त्याचं.
काय करतो ते कुणालाच नीट माहीत नाही.
तिसऱ्या लिटरला आजोबा डोळे मिटतात.
झोपले वाटतं, तेवढ्यात:
"नदीत ओतू नका."
"नाही ओतणार."
"पाणी असलं तरी माझं आहे ते. नदीला कशाला."

पाच लिटर, वर दोनशे.
अल्ब्युमिनच्या दोन बाटल्या
ड्रायव्हरने शहरातून कोटाच्या आत आणल्या होत्या,
पिल्लासारख्या. एक लावते. दुसरी नंतर.

आता सांगायला हवं. सांगते:
हे पुन्हा भरेल.
पांढऱ्या महिन्याच्या सणाआधीच, बहुतेक.
"भोकही रात्रीत गोठतं," ते म्हणतात.
"सकाळी पाडतोच की."
मला यावर काहीतरी बोलायचं होतं,
पण जनरेटर बंद पडला,
आणि आम्ही सगळे अंधारात
ठिबकणं ऐकत बसलो.

उभे राहिले तेव्हा भिंत धरली नाही.
सून पट्टा गुंडाळते. एक.
दोन.
तिसरा सुरू होतो आणि
वीतभर आधी संपतो.
ती टोक आत खोचते,
मग ते पुन्हा बाहेर काढून
वीत लावून बघते,
आणि कुणाला काही न सांगता
पुन्हा खोचते.